चौदा नंबरची टोपी

टोपी परत केली. आतल्या काठाला शाईने चौदा.
लाकडी जोडे, तागाचा झगा,
छातीशी दुधाचा डाग, तीनदा धुऊनही न गेलेला.
कपडेकोठीतल्या बाईने वहीत लिहिलं: किंचित खराब.

सहा उन्हाळे, शनिवार-रविवार, मी ओझीत होते.
सन सतराशे ब्याऐंशी. खाऱ्या दलदलीतलं अकादी गाव,
बांधाच्या अलीकडे गवत, पलीकडे फंडीची भरती.
सोमवारी पुन्हा मी:
माँक्टनमधल्या दंतवैद्याचे फोन उचलणारी.

ओझीतला अकरा मुलं. चार गेली.
हे मी एका दमात सांगायचे, चरख्यावर पाय चालवत,
"अकरा झाली, चार गेली, आता पीठ मळायला घेते,"
आणि लोक माना हलवायचे,
कुणी टोपीचा फोटो घ्यायचं.

मग एलोई झाला.
फेब्रुवारीत, बर्फात, पस्तीस तास.
जूनमध्ये परत गेले तर झगा कमरेत बसेना.
आलीरने मागून नाडी सैल करून दिली
(आमचा लोहार; एरवी शाळेची बस चालवतो)
आणि आढ्याकडे बघत राहिला, भला माणूस.

दर तीन तासांनी मी खारवल्या माशांच्या कोठारात.
पिंपांमागे बॅटरीवरचं दूध काढायचं यंत्र.
घर्र-घर्र, सतराशे ब्याऐंशीत.
बाहेर एका पोराने आईला विचारलं,
आत कसलं जनावर आहे?
गाय असेल, आई म्हणाली.
मला हसू आलं, हसताना निम्मं सांडलं.

तिसऱ्या शनिवारी
टोरांटोहून आलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं,
"किती मुलं तुम्हाला?"
प्रश्न ओझीतला होता.
मी म्हणाले, एक.
मग म्हणाले, अकरा.
मग पाय थांबला.
ती चार कोण, थोरली की धाकटी, नावं काय त्यांची,
पाठांतराच्या कागदावर हे कुठेच नव्हतं
आणि सहा वर्षांत मी विचारलं नव्हतं.
झगा पुढून भिजत गेला.
म्हाताऱ्याने आपली टोपी काढली. नुसती काढली.

रेआल म्हणाला, हिशेब कर.
केला. माझ्या तासापेक्षा सांभाळणारीचा तास महाग,
वर पेट्रोल.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.
पण हिशेबाने नाही सोडलं मी.

जिनेट, आमची व्यवस्थापिका, मनापासून म्हणाली होती,
बाळाला घेऊन ये की! पाळण्यात ठेवू.
खरंखुरं बाळ, लोकांना किती आवडेल.
तो पाळणा मला माहीत होता. दर रविवारी मीच पुसायचे,
डाव्या बाजूला कुणाच्या तरी दातांच्या खुणा आहेत.
ओझीतच्या घरात, ओझीतच्या पाळण्यात, माझा एलोई.
"नको," म्हणाले,
इतक्या घाईने की ती दचकली.
मीही.

भट्टीचं सांगायचं राहिलं.
पाव लावण्याआधी आत कोपरापर्यंत हात घालून मोजायचं.
विसापर्यंत तगला तर आच बेताची,
दहालाच ओढून घ्यावा लागला तर थांबायचं.
त्या हातावर अजून लव उगवत नाही.

माझ्या जागी मिलेन म्हणून मुलगी घेतलीय,
कॉलेजातली. चौदा नंबर तिला सैल होतो म्हणे.
तिला निरोप धाडलाय:
त्या चौघांना नावं दे.
कुणाला सांगायला हवं असं नाही.
आणि भट्टीचं दार डावीकडे अडकतं, लाथ मारावी लागते.

आता संध्याकाळ. टबाच्या काठाशी एलोई,
नागडा, टॉवेलवर पाय झाडतोय.
त्याच हाताचं कोपर पाण्यात बुडवते
आणि सवयीने मोजायला लागते,
एक, दोन, तीन,
चारपाशी आकडा सोडून देते.
पाणी कोमट आहे.
ये.